एक म्हणजे करंगळी

हे वाचून मला येडा ठरवायचं तर खुशाल ठरवा, पण आधी मी कसा माणूस आहे ते ऐका. माझं सगळं आयुष्य शेळ्या-मेंढ्यांमागं गेलं. खतासाठी लोक वावरात कळप बसवून घ्यायचे, तेव्हा महिना महिना उघड्यावर झोपलो. मसणवट्याला लागून असलेल्या वावरात पण झोपलो. लोक सांगायचे, अमक्या बाभळीखाली बाई बसते... मी त्याच बाभळीखाली भाकरी खाल्ली. मला कुणी दिसली नाही. कुणाच्या अंगात आलं की मी उठून चालायला लागायचो. शाळा दुसरीपर्यंत. हे मी बोलायलोय आणि माझी सून संगीता मोबाइलवर लिहायलीय. शुद्धलेखन तिचं, शब्द माझे. तिला बजावलंय की माझं बोलणं सुधरवायचं नाही. थोडं सुधरवलं असेलच.

पालमपासून आठ-नऊ किलोमीटरवर, गंगेच्या — म्हणजे गोदावरीच्या — अलीकडं आमचं गाव. घराला मधली एक लांबट खोली आहे. तिचं एक दार अंगणात, एक मागं शेळ्यांच्या गोठ्यात. जे झालं ते त्या खोलीत झालं. रात्रीबित्री नाही, दुपारी तीन-साडेतीनला, बाहेर लख्ख ऊन.

माझी बायको कौसाबाई. मागच्या पोळ्यानंतर आठ दिवसांनी गेली. सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "छातीत कसंतरीच व्हायलंय," आणि भिंतीला टेकून बसली. गाडी येईपर्यंत राहिली नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी ती गोठ्यात पाय घसरून पडली होती. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढलं तर बोटं लाकडासारखी. करंगळी तर हलतच नव्हती. परभणीच्या डॉक्टरनं एक रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणला. हिनं दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी कुत्र्याला खेळायला दिला.

दिवाळीला पुण्याचा पोरगा आला. त्याची पोरगी सई, आता कॉलेजात आहे. लहानपणी ती पियानोच्या क्लासला जायची. तिचा तो जुना लाइटवर चालणारा पियानो त्यांनी गाडीत घालून आणला. टेबलावर मावेल एवढा. सोबत शिकायचं पुस्तक, इंग्रजी.

"आज्जी, चेंडू नको दाबू. हे दाब," सई म्हणाली. "पुस्तकात सुरांवर आकडे आहेत ना, ते आकडे म्हणजे बोटं. एक आला की एक नंबरचं बोट. आणि मी लहानपणी पाच पट्ट्यांवर टिकल्या चिकटवल्यात, हात तिथंच ठेवायचा. बस!"

कौसाला इंग्रजी येत नव्हतं, पण आकड्याला काय इंग्रजी लागतं? पुण्याची मंडळी गेली आणि ही बसली पेटीपुढं. आम्ही त्याला पेटीच म्हणायचो.

आता माझी चूक सांगतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी गोठ्याकडचं दार उघडं टाकून रानात गेलो. काळी म्हणून आमची एक शेळी होती, अवलादच वाईट. ती आत शिरली आणि पुस्तकाची पहिली चार-पाच पानं खाऊन बसली. त्यातल्या एका पानावर हाताचं चित्र होतं, कोणतं बोट एक, कोणतं पाच, ते दाखवलेलं.

कौसानं मला शिव्या घातल्या. "आता एक कोणतं नि पाच कोणतं, ते तुमच्या शेळीच्या पोटात गेलं!"

"मग इचार तिला."

"तिला काय इचारायचं? मोजताना कुठून मोजतो आपण? करंगळीपासून. एक म्हंजे करंगळी."

मी पण म्हणलं, बरोबर. मेंढरं मोजताना मी करंगळीच्या पेरापासूनच सुरू करतो. माझा बाप तसाच मोजायचा. गावात कुणालाही विचारा.

मग रोज दुपारी शेळ्यांना पाणी दाखवून झालं की ती बसायची. पहिल्या गाण्याला तिला चार महिने लागले. तोंडानं आकडे पुटपुटायची, एक दोन तीन तीन... पाच चार तीन दोन... एक तीन दोन दोन... आणि मग शेवटचा एक. तो शेवटचा एक लवकर यायचाच नाही. कारण एक म्हणजे करंगळी, आणि करंगळीच मोडक्या हाताची. तिला उचलून आणून पट्टीवर ठेवेपर्यंत वेळ जायचा. मी बाजेवर पडून ऐकायचो आणि चिडवायचो.

"शेवटचं बोट पालमच्या बाजाराला गेलं का गं?"

"यायलंय, यायलंय. एसटीनं यायलंय."

आणि मग वाजायचं. टुंग.

रोज हेच. दीड वर्ष. सईला फोनवर ऐकव म्हणलं तर लाजायची. "आधी चांगलं येऊ द्या." मी मागं उभा राहून हात बघायला लागलो तर थांबायची. "माझ्या बोटाकडं बघू नका. बघितलं की मी चुकते."

त्याच गाण्याच्या समोरच्या पानावर आणखी एक गाणं होतं. म्हणजे गाणं तेच, पण दुसऱ्या माणसाचं. एकानं वरचं वाजवायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून खालचं, जाड आवाजाचं. सईनं तिला सांगितलं होतं की ते मास्तरनं वाजवायचं असतं. कौसा म्हणायची, "आपल्याकडं कुठलं मास्तर? तुमी बसा की. डाव्या हाताच्या दोनच पट्ट्या हायत. पाच आणि एक, पाच आणि एक. लेकरू पण वाजवील."

"माझी बोटं कासेची. दूध काढायची. त्येला पेटी कळत न्हाई."

"ज्येला कास कळती त्येला पेटी बी कळंल की."

"बघू. सोयाबीन निघू दे."

सोयाबीन निघालं. मग म्हणलं बोकडं विकू दे. बोकडं विकली. मग म्हणलं पोळा होऊ दे. तिनं बाकड्यावर डाव्या अंगाला माझ्यासाठी जागा ठेवलेली असायची. एकटी बाई आणि बसायची बाकड्याच्या उजव्या टोकाला. पडशील म्हणलं तर म्हणायची, "जागा तुमची हाय."

पोळा झाला. पुढचं सांगितलंच.

ती गेल्यावर पाहुणे होते तोपर्यंत काही कळलं नाही. पाहुणे गेले, पोरगा-सून आपापल्या कामाला लागली आणि दुपारचे तीन वाजायला लागले... शेळ्या पाणी पिऊन बसायच्या आणि घरात आवाजच नाही. मी बाजेवरून उठून बाहेर जायचो, परत यायचो. मला बायको पाहिजे होती हे तर झालंच, पण ते गाणं पण पाहिजे होतं. ते कुठं मिळणार? तिनं कुठं भरून ठेवलं नव्हतं. मोबाइलमध्ये नाही, कशात नाही. म्हणलं, आपणच शिकावं. या वयात. बसलो.

सई व्हिडिओ कॉलवर आली. मी उजवा हात टिकल्यांवर ठेवला आणि करंगळीपासून सुरू केलं.

"थांबा, थांबा आबा. उलटं चाललंय. अंगठा एक असतो!"

"आपल्याकडं करंगळी एक."

"मोजताना, आबा. पियानोत अंगठा एक, करंगळी पाच. आज्जी पण...?" मग ती हळूच म्हणाली, "आज्जी दीड वर्ष उलटं वाजवत होती?"

मी हसलो. लय दिवसांनी हसलो. मग मोबाइल उलटा ठेवला टेबलावर, कारण डोळ्याला पाणी लागलं होतं आणि पोरीला दाखवायचं नव्हतं.

सईनं तिच्याकडच्या पेटीवर पुस्तकातलं खरं गाणं वाजवून दाखवलं. छान होतं. खालून वर जायचं, फिरून खाली येऊन बसायचं. पण ते कौसाचं नव्हतं. कौसाचं वरून खाली यायचं आणि शेवटी परत वरच जाऊन थांबायचं. सई म्हणाली, "म्हणूनच ते संपल्यासारखं वाटत नसेल, आबा. वर टांगून राहतं." मला एवढं कळलं की काळीनं ती पानं खाल्ली, मी दार उघडं टाकलं, म्हणून ते गाणं झालं. जगात एकाच बाईला येत होतं.

सईच्या सांगण्यावरून मी दोन महिने बरोबर नंबरानं शिकलो. वरचं काही मला जमलं नाही, उजव्या हाताची बोटं एकमेकांच्या पायात पाय घालतात. खालचं डाव्या हाताचं जमलं. बाकड्याच्या डाव्या अंगाला, माझ्या जागेवर बसून वाजवायचो. पाच, एक. पाच, एक. शेजारी रिकामं. काही झालं नाही. व्हायचं तरी काय होतं? मी काही व्हायची वाट बघत नव्हतो.

तो दिवस संक्रांतीच्या जवळचा. संगीता अंगणात सुपानं तूर पाखडत होती. तिचा नवरा, माझा इथला पोरगा, ताडकळसला गेलेला. मी बसलो, आणि मनात आलं की आपण हे कुणाचं ऐकायलोय? ती उलटं वाजवायची तर मी सुलटं वाजवून तिच्यासोबत कसा जाणार? या घरात एक म्हणजे करंगळी. सईचं शिकवणं सोडलं आणि डाव्या हाताला पण करंगळीला एक धरलं, अंगठ्याला पाच. पुस्तक उघडून पुढं ठेवलं. उजवा हात मांडीवर. पाच, एक. पाच, एक.

तिसऱ्या-चौथ्या वेळी वरून आवाज आला.

बारीक आवाज, पेटीच्या उजव्या अंगाचा. एक दोन तीन तीन. माझ्या दोन पट्ट्यांच्या वर बरोबर बसलेला. पाच चार तीन दोन. वरून खाली आलेला... उलटा. तिचा.

माझा डावा हात थांबला नाही. का थांबला नाही, मला सांगता येणार नाही. भ्यालो नव्हतो. लग्नात अंतरपाट धरलेला असतो आणि पलीकडं ती उभी आहे एवढंच माहीत असतं, तसं झालं होतं. मी मान वळवली नाही. पुस्तकातच बघत राहिलो. वळून बघितलं असतं तर ती चुकली असती.

एक तीन दोन दोन...

आणि थांबलं. शेवटचा एक आला नाही. मी खालची पट्टी दाबून धरली. बाहेर सुपाचा आवाज पण थांबला होता. माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "पालमला गेलं का गं?"

"कोण पालमला गेलं, मामा?" संगीता सूप घेऊन दारात. तेव्हा मी वळलो. बाकडं रिकामं.

"काय न्हाई."

"आज लय भारी वाजवलं की तुमी! दोन्ही हातानं. आत्याबाईचं गाणं की ते. कधी शिकलात?"

मी तिला उजवा हात दाखवला. अजून मांडीवरच होता. त्याच हातात तपकिरीची डबी होती, मूठ गच्च आवळलेली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, पेटीकडं बघितलं आणि खालीच बसली. तूर सांडली सगळी.

मी सगळ्यांना विचारलं. सई म्हणाली, या जुन्या पेटीत वाजवलेलं भरून ठेवायची सोयच नाही. तयार गाणी आहेत, ती तिनं एक एक करून मला ऐकवायला लावली. त्यात हे नाही. असतं तरी उलटं कसं असतं? पुण्याचा पोरगा म्हणाला, "आबा, डोक्यावर परिणाम होतो माणसाच्या." होत असेल. पण मग संगीताच्या डोक्यावर पण त्याच वेळी झाला का? ती म्हणते, खालचा जाड आवाज आणि वरचा बारीक, दोन्ही स्वच्छ ऐकले. लिहिताना पण तिनं मला हेच टाकायला सांगितलं. कुणी म्हणेल, म्हाताऱ्यानंच वाजवलं आणि विसरला. मी स्वतःला पण हे विचारलं. डबी बाजूला ठेवून दोन्ही हातानं उलटं वाजवायचा प्रयत्न केला. आजपर्यंत पहिली ओळ सरळ आली नाही.

वळून बघितलं नाही, म्हणून मी काही शपथेवर सांगू शकत नाही. त्याचा पस्तावा होतो का? रात्रंदिवस होतो. परत तसं झालं तर बघाल का, असं संगीतानं विचारलं. नाही बघणार.

त्यानंतर एकदाही तसं झालेलं नाही. कशानं झालं ते मला कळलेलं नाही आणि तुमच्यापैकी कुणाला कळलं तर कळवा, पण मला त्याची एवढी घाई नाही. रोज तीन वाजता शेळ्यांना पाणी दाखवतो आणि डाव्या अंगाला बसतो. उजवीकडची जागा मोकळी. पाच, एक, पाच, एक, असं पान संपेपर्यंत. शेवटी खालची पट्टी दाबून धरतो. संगीता म्हणते, मामा, तो शेवटचा एक तुम्हीच वाजवून टाका, तेवढंच मनाला बरं वाटेल. एकच तर पट्टी आहे, लाल टिकलीची. मी हात नाही लावत. ते तिचं बोट आहे.

आमच्याकडं एसटी उशिरा येते. पण येते.