भरतीची वेळ

आमच्या गावच्या दूध संस्थेचा कारकून कानामागं पेन्सिल खोचूनच जन्माला आला असावा. प्रत्येक वाक्य तो "लिहून घ्या" म्हणून संपवायचा, आणि लिहून मात्र स्वतःच घ्यायचा.

दुष्काळात दूध आटलं आणि संस्थेचा टँकर केजहून पिण्याचं पाणी आणू लागला. त्याच उन्हाळ्यात संचालकांनी कोकणात अभ्यास दौरा काढला. आखणी या कारकुनाकडे. यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण कासवाची पिल्लं कुठल्या किनाऱ्यावर सोडतात, डॉल्फिन कधी दिसतात, बेटावरच्या किल्ल्याला जाणारी होडी भरतीला किती वाजता सुटते, सगळं त्यानं फोन करकरून वहीत उतरवलं. दौऱ्याचा अहवाल तर निघण्याआधीच लिहून तयार होता. विषय : पाणी नियोजन.

संचालकांना घेऊन जीप गेली आणि टँकर जागेवरच उभा राहिला. टँकरचाच ड्रायव्हर यानं जीपवर पाठवला होता.

चौथ्या दिवशी मी शाळेतून तडक त्याला गाठलं. "अहो, ड्रायव्हर कशापायी धाडला? गावानं प्यायचं काय?"

"घाटात त्याचा हात लई बसलेला हाय, सर. संचालकांच्या जिवाची जिम्मेदारी हाय आपल्यावर. लिहून घ्या."

हे तो कोरड्या हौदापाशी, घागरींच्या रांगेत स्वतःची घागर लावून बोलत होता. मग त्यानं घड्याळ पाहिलं.

"आता भरती लागली असंल तिकडं," तो म्हणाला, आणि समाधानानं वहीत खूण केली.