कडब्याखालची खुर्ची

"ती प्लास्टिकची खुर्ची बाजूला घ्या. आज आपली वैशाली उभी राहून सत्कार घेणार!"

रावसाहेब माईकवर बोलले आणि शाळेच्या पटांगणात टाळ्या पडल्या. दोन शिक्षिकांनी काखेत हात घालून माझ्या लेकीला उचललं. पायांना पट्टे बांधले होते. तरी गुडघे वाकले. ती मंचावर कोसळली. साडीखालची लघवीची पिशवी सुटली. गालिचा ओला झाला. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं.

रावसाहेब चपला वाचवत मागं सरले. माईक हातातच होता.

"डॉक्टर काय करणार? मनात जिद्द लागती. हिच्यात न्हाय."

आणि मी, तिचा बाप, हात जोडून म्हणालो, "चुकलं तिचं, रावसाहेब."

इंदापूर तालुक्यात, कळसच्या अलीकडं आमची वस्ती. शाळा रावसाहेबांची. वैशाली तिथं गणित शिकवायची. उसाच्या ट्रॉलीच्या कडेनं स्कूटी काढताना ती पडली आणि मणका मोडला. बारामतीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "पाय परत येणार नाहीत. चाकाची खुर्ची वापरायला शिकू द्या. खुर्चीवरून ती शिकवेल, घर बघेल. सगळं करेल."

रावसाहेब बघायला आले ते म्हणाले, "खुर्चीत बसवली की पोरगी कायमची बसली. शाळंत चालत येऊ दे, जागा तिचीच हाय."

डॉक्टर शिकलेले. पण मी ऐकलं रावसाहेबांचं. खुर्ची गोठ्यात नेली आणि वर कडबा रचला. वैशालीला सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. गरज पडली की आपोआप उभी राहील, असं मला वाटलं. ती हातांवर घसटत न्हाणीपर्यंत जायची. मी ओसरीवरून बघायचो आणि म्हणायचो, "जोर लाव, बाळ."

मग रावसाहेबांनी तिच्या जिद्दीचा म्हणून तो सत्कार ठेवला, आणि त्यानंतर तिचा पाय सुजला. तिला दुखणं कळत नव्हतं, म्हणून आम्हालाही कळलं नाही. बारामतीला नेलं तेव्हा हाड मोडलेलं निघालं.

"ह्यांना उभं कुणी केलं?" डॉक्टर चिडले.

मी खाली बघितलं. वैशाली म्हणाली, "मीच राहिले."

परतताना जीपमध्ये तिनं प्लास्टरवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आबा, खुर्ची कडब्याखाली हाय. मला पयल्यापासनं ठावं हाय. आता काढा."

घरी येताच मी कडबा उपसला. कुसळं हाताला टोचत होती. टोचू दिली.

तोवर रावसाहेबांनी तिच्या जागेवर पुतणीला घेतलं होतं. वर भाषणाला एक गोष्ट मिळाली: "एक मुलगी होती. हुशार होती. पण तिनं जिद्द सोडली." गावोगाव तीच गोष्ट. नाव घेत नाहीत, पण नाव सगळ्यांना माहीत आहे.

परवा इंदापुरात लग्न होतं. रावसाहेब मांडवात आले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं सगळा मांडव उठला. मी वैशालीच्या शेजारी बसून राहिलो. ते थांबले.

"काय आबा, गुडघं गेलं वाटतं?"

"पाय ठणठणीत हायत. तुमच्यासाठी उठत न्हाय."

"म्हातारं तापलंय," ते हसले. आजूबाजूला कुणी हसलं नाही.

वैशाली शांतपणे म्हणाली, "आबा, त्यांना बसायला सांगा. उभं राहून पाय दुखत असतील."

अक्षता न टाकताच ते गेले. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटलं. पण तेवढ्यानं भागत नाही.

आता ते जिथं भाषण करतील तिथं आम्ही दोघं पहिल्या रांगेत असू. "एक मुलगी होती" म्हणाले की मी बसल्या जागेवरून बोलणार. ओला गालिचा सांगणार, मोडलेलं हाड सांगणार, पुतणी सांगणार. आधी माझं 'चुकलं तिचं' सांगणार, मग त्यांचं 'हिच्यात न्हाय'. ते मंचावरून खाली उतरेपर्यंत आम्ही हलणार नाही.