कापायच्या आधी

तलासरीला हायवेलगत एक वेल्डर होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जुन्या जीपची पाठ कापून तिचा चिकूचे क्रेट वाहणारा टेम्पो करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. २०१६ साली आमची जीप मी त्याच्याकडे नेली.

मला महायुद्धातल्या रणगाड्यांचा नाद. मोबाईलवरचा एक फोटो त्याला दाखवला. "हा फ्रान्सचा. जर्मनांनी पकडला आणि वरचा भाग काढून आपली तोफ बसवली."

त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला, बोटांनी फोटो मोठा केला आणि जोडाची रेघ बराच वेळ पाहिली.

"काम चांगलंय," तो म्हणाला. "ह्याचा आधीचा ड्रायव्हर कुठं गेला?"

तोफेचं माप मला पाठ होतं. ड्रायव्हरचं काही ठाऊक नव्हतं.

त्याने कटर खाली ठेवला. "तुमची कोण चालवायचं?"

"वडील. आता घोलवडला घरीच असतात."

"मग त्यांना आणा. कापायच्या आधी मी जुन्या ड्रायव्हरला एकदा बसवतो, त्याच्याच हातानं इंजिन बंद करून घेतो. ही काय लढाईत पकडलेली नाही."

मी किल्ली परत मागितली. जीप इथे आणल्याचं वडिलांना माहीतच नव्हतं.