मुहूर्त चुकवणारी आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला होतो. बाबा एवढंच म्हणाले, "लगेच निघ. ऊन फार आहे रे... जास्त वेळ ठेवता येणार नाही." चहासुद्धा न घेता मी गाडी काढली. आधीच्या रात्री झोप झाली नव्हती, आणि भिवंडी मागे पडेपर्यंत मे महिन्याचं ऊन काचेतून नुसतं भाजून काढत होतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, नंदाखालला दिलेली. तिचे यजमान लवकर गेले, तेव्हा तिने व्हॅन चालवायला शिकून घेतली आणि वाडीतली केळी स्वतःच बाजारात न्यायला लागली. उन्हाळ्यात तिचे कायदे कडक असत. सकाळी गाडी थंड असतानाच चाकांची हवा बघायची, बसण्याआधी सगळे दरवाजे सताड उघडून आतली वाफ जाऊ द्यायची, जेवायचं ते अर्धपोटी. आणि सीटमागे कायम एक गुंडाळलेली चटई. त्या चटईवरून आम्ही तिला कमी का चिडवलंय? "आत्या, ही गाडी आहे की धर्मशाळा?" ती हसायची, पण चटई काही हलायची नाही.

माझं लग्न ऐन मेमध्ये, पालघरला, मुहूर्त भर दुपारचा. नवरदेवाची गाडी आपणच चालवणार, हा आत्याचा हट्ट. वऱ्हाडाची बस पुढे गेली, आणि मनोरच्या अलीकडे तिने एकाएकी व्हॅन एका चिंचेखाली घेतली. "डोळा लागतोय रे. तोंडावर पानी मारून बघितलं, नाय जमत. जराशी पडते." मला वाटलं, थट्टा करतेय. तर ही खरंच चटई अंथरून झोपली! मुंडावळ्या बांधलेला मी रस्त्याच्या कडेला उभा. ट्रकवाले हसत जातायत, बाबांचे फोनवर फोन, आणि मला तेव्हा गाडी येत नव्हती. शेवटी फोन तिच्या कानाला लावला. बाबा ओरडत होते, "लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" ती पडल्या पडल्याच म्हणाली, "दादा, मुहूर्त काय, भटजी दुसरा काढतील. पोरगा दुसरा कुठून आणशील?" आणि कूस बदलली.

बाप रे, काय छाती त्या बाईची! सगळं वऱ्हाड खोळंबलेलं, भावाची अब्रू पणाला, आणि ही शांत घोरतेय. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. सासऱ्यांनी हसण्यावारी नेलं, पण बाबा विसरले नाहीत. पुढे कित्येक वर्षं ते तिच्याशी कामापुरतंच बोलत. मला गाडी नंतर तिनेच शिकवली, आणि व्हॅन विकली तेव्हा चटई माझ्या गाडीत ठेवली.

तर आत्या गेली त्या दिवशी, चिंचोटीच्या अलीकडे, माझी मान कलली. दचकून बघतो तर गाडी दुभाजकाला लागायच्या बेतात. तिचं तोंड शेवटचं बघायचं होतं हो मला... तरी गाडी झाडाखाली घेतली. बाबांना कळवलं, "थांबू नका माझ्यासाठी." चटई अंथरली आणि रडता रडताच झोपलो.

नंदाखालला पोहोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. "आत्ता उगवलास?" कुणीतरी म्हणालं. बाबा उठून जवळ आले. माझ्या गालावर चटईचे वळ उमटले होते, त्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"झोपून आलास?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"बरं केलंस," बाबा म्हणाले, आणि मला धरून हमसाहमशी रडले.

आता मी नाशिकला परत निघालो की बाबा काठी टेकत गाडीपाशी येतात. मागचं दार उघडतात, चटई आहे ना ते बघतात, आणि मगच मला जाऊ देतात.