बोरांचे अणू, बाभळीचे बंध

सानप मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या हातात फुगे होते. दिंद्रुडच्या आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. रसायनशास्त्राच्या वर्गात कुणाचा तरी वाढदिवस असावा, असे वाटून मी दारातच थबकलो. मॅडमनी चार फुग्यांची तोंडे एकत्र बांधून ते टेबलावर सोडले. फुगे एकमेकांना रेटत आपापली जागा धरून बसले.

"बघा, मी काहीच केलं न्हाई. जितकं लांब सरकता येईल तितके ते सरकले. इलेक्ट्रॉनच्या जोड्या बी अशाच वागतात, म्हणून मिथेनच्या रेणूला हा आकार येतो." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "या सर, बसा. वाढदिवस न्हाई, रासायनिक बंधाचा तास हाय."

प्रा. कालिंदी सानप मूळच्या धर्मापुरीच्या. गावची बोली त्यांनी वर्गातही सोडली नाही आणि विषयातला काटेकोरपणाही. एकदा त्यांच्या तोंडून 'मिठाचा रेणू' असा शब्द गेला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, मिठाच्या खड्यात एक रेणू कुठं संपतो अन् दुसरा कुठं सुरू होतो?" मॅडमनी फळा पुसला. "माझं चुकलं. मिठात सुटा रेणू नसतोच. आख्ख्या खड्यात आयनांचं एकच जाळं असतं. आज हिनं मला शिकवलं," असे त्यांनी भर वर्गात सांगितले. त्या दिवसापासून मुले प्रश्न विचारायला भ्यायची नाहीत.

पण मॅडम म्हटले की मला सर्वांत आधी मंगल आठवते. मेंढपाळाच्या घरातली ही मुलगी अकरावीला आली तेव्हाच तिची नजर अधू होती. दिवाळीपर्यंत तिला फळाही दिसेनासा झाला. आकृत्या कळेनात, चाचणीत ती मागे पडली. तिचे वडील बाबूराव तिला आर्ट्सला घालायचे ठरवूनच आले. आम्हा सहकाऱ्यांनाही तेच शहाणपणाचे वाटत होते.

"मॅडम, पोरीला दिसत न्हाई, मंग कावून हट्ट करता?" बाबूराव म्हणाले.

"दादा, अणू मला तरी कुठं दिसतो? साध्या डोळ्यांनी तो कुणालाच दिसत न्हाई. मंग हिला एकटीलाच कावून अडवायचं? संक्रांतीपर्यंत थांबा."

बाबूराव थांबले. मॅडमनी शेतातली काळी माती मळून गोळे केले. त्यांत बाभळीचे काटे खोचले आणि काट्यांच्या टोकांवर कच्ची बोरे बसवली. मातीचा गोळा कार्बन, बोर हायड्रोजन, काटा म्हणजे बंध. मंगलने मिथेन हातात घेऊन फिरवला. "कुठून बी धरा, सारखाच लागतोय," ती म्हणाली. मग पाण्याचा रेणू आला; मातीचा गोळा आता ऑक्सिजन. त्यात दोनच काटे होते आणि उरलेल्या दोन जागी कापसाचे बोळे. बंधात न गुंतलेल्या जोड्या जास्त जागा अडवतात, हे तिला मुद्दाम सांगावे लागलेच नाही. बोटे फिरवता फिरवता ती एकदम थांबली. "मॅडम! ह्या कापसानं काटे जवळ रेटलेत. म्हणून पाणी वाकडं हाय!"

मॅडम हसल्या आणि पदराने डोळे पुसत खिडकीकडे वळल्या. ठरल्याप्रमाणे संक्रांतीला येऊन दारात उभे असलेले बाबूराव एवढेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हिला सायन्सलाच."

बारावीला मंगलने लेखनिकाच्या मदतीने परीक्षा दिली. ती सांगत गेली आणि लेखनिक रेणूंच्या आकृत्या काढत गेला. पास होऊन ती पुढे शिकली. आज ती दृष्टिहीन मुलांच्या निवासी शाळेत विज्ञान शिकवते.

माझ्या आईला बीडच्या दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा मॅडमनी न सांगता माझे तास सांभाळले. परतल्यावर मी आभार मानू लागलो, तर म्हणाल्या, "बेडकाचं हृदय मला जमलं न्हाई, ते तेवढं पुन्हा शिकवा." उपकाराचे ओझे समोरच्यावर राहू नये, ही त्यांची रीतच.

निवृत्तीनंतरही मॅडमचे हात थांबलेले नाहीत. मंगलच्या विद्यार्थ्यांसाठी त्या घरी प्रतिकृती घडवतात. या सत्काराची वेळ ठरवायला आम्ही गेलो, तर मांडीवर कापूस घेऊन बसल्या होत्या. "साठी झाली म्हणून हार घालताय तर घाला. पण दुपारून ठेवा. सकाळी मला बेंझिन पुरं करायचंय. पोरं वाट बघतेत."

मॅडम, कार्यक्रम दुपारीच ठेवला आहे. बेंझिन होईल, पण त्यापुढेही पुष्कळ रेणू अजून कुणाच्या बोटांना लागलेले नाहीत. ते सारे घडवायला पुरून उरेल इतके आयुष्य आणि तितकेच खणखणीत आरोग्य आपल्याला लाभो, हीच आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.