घोट्यावरचा चट्टा

लग्नाला चार वर्षं झाली होती. कुरुंदा गावच्या आमच्या शेतात हळद शिजवायचं काम चाललं होतं. कढईतून हळद उपसताना उकळतं पाणी माझ्या घोट्यावर सांडलं. मला कळलंच नाही. जाऊ म्हणाली, "अगं, पाय भाजला की तुझा." खाली पाहिलं तर कातडी फुगली होती. तिथं वर्षभरापासून एक फिकट चट्टा होता. कुणी तो मनावर घेतला नव्हता.

नवरा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथं कुष्ठरोगाचं काम बघणारे एक साहेब होते. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. "पेनाचं टोक लावतो. लागंल तिथं बोट ठेवा."

मी पोटरीवर बोट ठेवलं, पावलावर ठेवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. डोळे उघडले तर पेन चट्ट्यावरच होतं आणि नवरा माझ्याकडे बघत होता.

"कुष्ठरोग हाय," साहेब म्हणाले. "सहा महिन्यांच्या गोळ्यांत बरा व्हतो. औषध सुरू झालं की दुसऱ्याला व्हायची भीती राहत न्हाई. जंतूचा आजार हाय, पापाचा न्हाई."

नवऱ्यानं विचारलं, "म्हंजी महारोगच ना?"

"व्हय. जुनं नाव तेच."

मला रडू आलं नाही. घरी येऊन मी गवार निवडायला बसले. सासूनं त्याच दिवशी माझं ताट वेगळं केलं.

पुढच्या आठवड्यात साहेब घरच्यांना तपासायला आले. हा जंतू वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतो, म्हणून एका घरातल्या सगळ्यांना बघावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. सासू म्हणाली, "मला काय झालंय? जिला झालंय तिला बघा." आणि शेताकडे निघून गेली.

महिन्यातून एकदा साहेबांसमोर गोळ्या घ्यायच्या, बाकीच्या घरी. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली. तसं होईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सहा महिन्यांनी आजार गेला. चट्ट्यावरची जाणीव मात्र परत आली नाही.

मधे बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटल्यावर सासूच्या करंगळीला बाक आला, मग शेजारच्या बोटाला. भाकरी मोडता येईना. एका दुपारी तिनं मला आत बोलावलं आणि पाठ उघडी करून दाखवली. जुने, पसरलेले चट्टे होते.

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपसून."

माझा आजार तिच्याकडूनच आला की आणखी कुठून, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "उद्या दवाखान्यात जाऊ."

चट्टे जास्त, म्हणून तिला वर्षभराचं औषध मिळालं. रोजची गोळी मीच द्यायचे. औषधानं तिची कातडी काळवंडली, पण एकही दिवस चुकला नाही. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "जंतू संपले. बोटं आता सरळ व्हायची न्हाईत. लवकर यायला पायजे व्हतं."

सासूनं वाकडी बोटं पदराखाली घेतली. आम्ही स्टँडवर येऊन बसलो.