पालथ्या बोर्डाचे आठ पाय

जळके रिले टाकायचा ड्रॉवर आमच्या दुकानात कधी रिकामा होत नाही. किश्श्यांचंही तसंच, फेकू फेकू म्हणता साठत जातात. दुकान कारंज्याला, शेतातल्या मोटारींचे स्टार्टर बनवायचं. मालक गजाननभाऊ, मूळचे मोटार रिवाइंडिंगवाले. कॉम्प्युटरवर सर्किट काढणारी मी, डिप्लोमावाली, म्हणून 'म्याडम'. आतले बोर्ड आम्ही तयार आणायचो. पहिला घरचा बोर्ड काढायला घेतला तेव्हा भाऊंनी स्वच्छ सांगितलं, "हा चालला तं तुमचा टेबल राहीन. नाई तं तयारच बरे."

*

सॉफ्टवेअरमध्ये चिपचं चिन्ह काढून त्याला पिना लावाव्या लागतात. पिनेच्या एकाच टोकाला बारीक गोल असतो, वायर तिथंच जुळते. मी आठही पिना उलट्या लावल्या, गोल आतल्या बाजूला. चित्र झकास दिसत होतं, पण बोर्ड आखायला घेतला तर चिपकडे एकही रेघ जाईना.

भाऊ मागून म्हणाले, "हिले कोणी बलावलंच नाई वाट्टे."

मी आठही पिना फिरवून पुन्हा लावल्या.

*

मग स्क्रीनवरच्या जाळीचे ठिपके. पिना त्यांच्यावरच बसवायच्या असतात. भाऊंच्या डोळ्यांना ते टोचायचे, म्हणून बंद करायला लावले. मी अंदाजानं पिना लावल्या, त्या केसभर सरकल्या आणि टेकलेली दिसणारी वायर काही जुळेना. भाऊंनी स्क्रीनला दोन टिचक्या मारल्या. रिवाइंडिंगमध्ये म्हणे लूज कनेक्शन असंच जागेवर येतं!

*

एकदा चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून मी सप्लायच्या पिना लपवल्या आणि त्यांना सप्लाय द्यायलाच विसरले. भाऊंनी बराच वेळ चित्र पाहिलं. "सारं काम करते, अन् जेवत नाई काय हे?"

*

खरा घोळ पुढेच होता. भाऊ जुना बोर्ड पाहून चिपच्या कुठल्या पायाला काय जातं ते सांगत, मी पिनेला तोच नंबर देई. पंचवीस बोर्ड छापून आले आणि एकही चालेना. तेव्हा कळलं, भाऊंनी बोर्ड पालथा धरून पाय मोजले होते. दुरुस्तीवाल्याची सवय, सोल्डरिंगच्या बाजूनंच पाहायचं. वरून मोजणाऱ्याचा आठ नंबर, तो त्यांचा एक. टेबल गेलंच म्हणून मी रडायला लागले.

"म्याडम, काहून रडून राह्यल्या?" म्हणत भाऊंनी चिप उपटली, बोर्ड पालथा केला आणि तीच चिप खालच्या बाजूनं बसवली.

मोटार सुरू झाली. मग पंचवीसच्या पंचवीस आम्ही तसेच केले.

किन्हीराजा गावच्या एका गिऱ्हाइकानं स्टार्टरचा डबा उघडून विचारलंच, की यात चिप कशी दिसत नाही.

"खाली हाय," भाऊ म्हणाले. "वर उन्हानं तापते."

*

परवा रिसोडच्या एका दुकानाचा नवाकोरा स्टार्टर आमच्याकडे दुरुस्तीला आला. बोर्डावर त्यांचं नाव छापलेलं, पण वर चिप नव्हती. मी बोर्ड पालथा केला. चिप खाली होती.

भाऊंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"उन्हाची काळजी त्याईलेबी हाय," ते म्हणाले.